टक्का महिन्याचा की वर्षाचा?



"तीनच टक्क्यानं उचलल्यात, बँक तर बारा टक्के घेती!" असे बोलणे आपल्याकडे दूध संस्थेच्या कट्ट्यावर नेहमी कानी पडते. हिशेब इथेच फसतो. सावकाराचा तीन टक्का महिन्याचा, म्हणजे वर्षाला ३६. बँकेचा बारा टक्के वर्षाचा. महाग कोण, ते आता तुम्हीच सांगा.

व्याज म्हणजे दुसऱ्याचा पैसा वापरल्याचे भाडे, आणि ते दिवसागणिक चढते. आपल्या वाडवडिलांना हे चांगले ठाऊक होते. बियाण्याची पायली दिढीने आणली की सुगीला दीड पायली घालावी लागे. सहा महिन्यांत निम्मे, म्हणजे वर्षाला शंभर टक्के! पैऱ्याच्या बैलाचे तसे नव्हते. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. वर काही नाही. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्था निघाल्या, त्यांच्या मुळाशी हीच पैऱ्याची भावना आहे.

चक्रवाढ व्याज हे हराळीसारखे. एक कांडी राहिली की सगळे रान धरते. दरमहा दोन टक्क्यांनी घेतलेल्या १०,००० रुपयांचे व्याज मुदलात मिळवीत गेले, तर तीन वर्षांत २०,००० च्या वर देणे होते. म्हणूनच जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा दंडक होता: एका वेळी मुदलाहून जास्त व्याज वसूल करता येत नसे.

आता आपल्या धंद्याकडे वळू. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे लागते. उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. ३,००० रुपये दराला हे टनामागे महिन्याला साडेसदतीस रुपये होतात. तो सभासदाचा हक्क आहे. पण साखर काही १४ दिवसांत खपत नाही. हंगाम चार-पाच महिन्यांचा, आणि विक्री केंद्राच्या कोट्याप्रमाणे वर्षभर. मधली खिंड भरायला कारखाना गोदामातली साखर तारण ठेवून कर्ज काढतो. समजा, ५० कोटी १० टक्क्यांनी काढले, तर महिन्याला सुमारे ४२ लाख व्याज. गाळप पाच लाख टन असेल तर टनामागे आठ रुपयांवर, दर महिन्याला! हे पैसे शेवटी उसाच्या दरातूनच जातात.

हा व्याजदर वर-खाली का होतो? राधानगरी धरण डोळ्यांसमोर आणा. पाणी फार सुटले तर नदीकाठ बुडतो, कमी सुटले तर पिके वाळतात. रिझर्व्ह बँक पैशाचे दरवाजे असेच सांभाळते. ती बँकांना ज्या दराने पैसा देते तो रेपो दर. महागाई वाढली म्हणून मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात तिने तो ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला; २०२५ मध्ये पुन्हा उतरविला. मात्र पाटाच्या शेवटच्या रानात पाणी उशिरा पोचते, तसा उतरलेला दरही आपल्यापर्यंत सावकाश येतो.

दरवाजे आपल्या हाती नाहीत. आपला बांध आपल्या हाती आहे. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास केंद्राची आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची व्याज सवलत मिळते. मुदत चुकली की ती जाते. काही मंडळी "बिलातनं सोसायटी कापत्यात" म्हणून ऊस दुसऱ्याच्या नावावर घालतात. वसुली चुकते खरी, पण सवलतही चुकते, आणि थकबाकीदाराला पुढचे कर्ज मिळणे अवघड होऊन तो पुन्हा तीन टक्केवाल्याच्या दारात उभा राहतो. हा शहाणपणा नव्हे.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. कर्ज कुणाकडूनही घ्या, पण "वर्षाला किती पडेल?" हे आधी विचारा. आणि वार्षिक सभेत "दर किती देणार?" एवढे विचारून खाली बसू नका. अहवालातील नफा-तोटा पत्रक उघडा, व्याजाचा आकडा शोधा, गेल्या सालाशी ताडून पाहा आणि तो का वाढला ते उभे राहून विचारा. त्याचे सरळ उत्तर देणे हे संचालक मंडळाचे कर्तव्य आहे. मालकाने हिशेब विचारायला लाजू नये, आणि कारखान्याचे मालक तुम्ही आहात.