प्रार्थनेचा अधिकार कोणाचा?

आषाढी एकादशीच्या या पर्वकाळी एका प्रश्नाचे चिंतन वाचकांपुढे ठेवावे असे आमच्या मनात आहे. प्रश्न आमचा नव्हे. इंदापूर तालुक्यातील शेळगाव येथे आमचे कीर्तन झाले, आरती झाली, मंडळी पांगली, आणि एक वृद्ध माउली मागे राहिली. घरात सून आजारी होती. ती म्हणाली, "बुवा, मला मंतर येत न्हाई, वाचाया येत न्हाई. मी सांगितल्यालं देवाला पोचतं का?"

जन्मभर शास्त्र घोकल्यामुळे आमच्या तोंडी आले ते अधिकारभेदाचे विवेचन. माउलीने हात जोडले आणि ती निघून गेली. तिला उत्तर मिळाले नाही, हे आम्हांस परतीच्या वाटेवर उमगले.

'अधिकार' हा शब्द आमच्या शास्त्रांत फार जुना. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच शब्दावर भाष्य करताना आचार्यांनी ब्रह्मजिज्ञासेचा अधिकारी कोण, याची चर्चा केली आहे. शास्त्राभ्यासाला अशी पात्रता हवी हे रास्तच. परंतु हाक मारण्यालाही ती हवी काय?

हाच प्रश्न ज्यांच्या आयुष्याला व्यापून राहिला अशा एक विदुषी आमच्याच पुणे जिल्ह्यात होऊन गेल्या. तुकोबारायांची पालखी यवतहून वरवंडला जाताना केडगावच्या चौफुल्यावरून जाते. त्या केडगावी पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविले, म्हणून पंडितांचा रोष ओढवून घेतला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले. व्रते झाली, दाने झाली. तरी आईवडील व थोरली बहीण दारिद्र्यात आणि दुष्काळाच्या हालांत गेली. ज्या कन्येला कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये 'सरस्वती' म्हणून गौरविले, तिला वेदांचा अधिकार मात्र स्त्री म्हणून नाही, असेच शास्त्र सांगत होते.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. तो वाद येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. आम्ही विठोबाचे, त्यात कणभर उणे नाही. पण त्यांनी स्वतः नमूद केलेली एक गोष्ट आम्हांस विचारात पाडते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना वाटले की धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. त्या आपलेपणाच्या प्रत्ययानंतर त्यांच्या प्रार्थनेला निःशंकपणा आला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे निराधार मुली आणल्या. १९०५ च्या आरंभी केडगावी सुमारे सत्तर जणी रोज प्रार्थनेस बसू लागल्या आणि वर्षाच्या मध्यापर्यंत त्यांची संख्या शेकड्यांत गेली. ज्यांना घरात तोंड उघडण्याची मुभा नव्हती, त्या बालविधवा आणि दुष्काळातील अनाथ मुली देवाशी मोठ्याने बोलू लागल्या.

हे बळ कोठून आले? ख्रिस्ती शिकवणीत याचे उत्तर स्पष्ट आहे. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत देवाला पहिली हाक आहे ती पिता म्हणून. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात कृपेच्या आसनाजवळ धीटपणे जावे, असा उपदेश आहे. प्रार्थनेच्या अखेरीस येशूचे नाव घेतात, कारण मागणाऱ्याचे पुण्य पुढे करायचे नसते. अधिकार असतो तो नात्याचा.

वाचकहो, हे आम्हांला परके आहे काय? नैवेद्य घेऊन गेलेला बाल नामदेव, देव जेवत नाही म्हणून हट्ट धरून बसला. जनाबाईंनी विठ्ठलाला जात्याशी बसविले. त्यांनी अधिकाराचा दाखला कोणापाशी मागितला होता? 'माउली' म्हणून हाक मारली, तेथेच अधिकार सिद्ध झाला.

मात्र येथे एक घसरण आहे. आपलेपणाचा धीटपणा वेगळा आणि देवावर हुकूम चालविण्याची घमेंड वेगळी. बायबलात स्किवा नावाच्या याजकाच्या सात पुत्रांची कथा आहे. नात्यावाचून नुसते नाव मंत्रासारखे वापरून ते भूत काढावयास गेले आणि मार खाऊन पळाले. आमच्याकडे गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची मडकी पारखली, तेव्हा देवाशी बोलणारे नामदेवही कच्चे ठरले. विसोबा खेचरांच्या चरणी गेल्यावर ते पक्के झाले. गेथसेमानेच्या बागेत येशूने मरणाचा प्याला टळावा असे मागितले आणि शेवटी पित्याच्या इच्छेपुढे मान तुकविली. मागणे पूर्ण धीटपणे आणि सोपविणेही पूर्ण धीटपणे, हा पक्केपणा होय.

आज कोणत्याही धर्माच्या नावाने कोणी 'आमच्या प्रार्थनेने रोग हटतो, औषध टाका' असे सांगत असेल, तर ते कच्चे मडके समजावे. आणि आम्ही जो नवस बोलतो, नारळाच्या बदल्यात नोकरी आणि तोरणाच्या बदल्यात नातू, तोही एक व्यवहारच. लेकरू आईशी सौदा करीत नाही. 'प्रार्थना' या शब्दाचा अर्थच मुळी उत्कटतेने मागणे असा आहे. रमाबाईंनी मागितले, आणि उठून त्या दुष्काळात चालत्या झाल्या, हे विसरून कसे चालेल?

शेळगावच्या त्या माउलीला जे तेव्हा सांगता आले नाही ते आज सांगतो. बाई, पोहोचते. मंत्र येत नसला तरी पोहोचते, कारण तू परकी नाहीस. देवापुढे भिऊन उभी राहू नकोस. माहेरी आल्यासारखी बोल, हक्काने माग, रडायचे असेल तर रड. मग सुनेला वैद्याकडे ने, तिच्या उशाशी बस, आणि जे होईल त्यात तो सोबत आहे एवढे धरून ठेव. हा अधिकार तुझा आहे. तो देणारे किंवा नाकारणारे आम्ही कोण?