सर्व्हर बंद, मुदत मात्र चालू

‘सर्व्हर डाउन आहे’ हे तीन शब्द आता मराठी भाषेत पुरते रुळले आहेत. तहसील कचेरीच्या आवारातील सेतू केंद्रात, रास्त भावाच्या दुकानात, बँकेच्या खिडकीवर, महाविद्यालयाच्या प्रवेशकक्षात ते रोज उच्चारले जातात आणि ऐकणारा माणूस निमूटपणे परत फिरतो. ‘साहेब दौऱ्यावर आहेत’, ‘फाईल वर गेली आहे’, ‘उद्या या’ ही नोकरशाहीची जुनी उत्तरे होती. त्या उत्तरांवर माणूस चिडे, वाद घाली, प्रसंगी मोर्चा आणी. कारण उत्तर देणारा समोर बसलेला असे आणि तो खोटे बोलत असेल तर तसे सिद्धही करता येई. नव्या उत्तराला धनीच नाही. खिडकीवरचा कारकून म्हणतो, माझ्या हातात काही नाही. तहसीलदार म्हणतात, हे मुंबईहून चालते. मुंबईचे खाते म्हणते, कंत्राटदाराला कळविले आहे. दाद मागायची कोणाकडे, हा प्रश्न शेवटी अनुत्तरितच राहतो.

संगणकावर अडणारी पाने, मध्येच बंद पडणारी संकेतस्थळे, काल चाललेले आणि आज न चालणारे ब्राउझर यांविषयी शहरातील सुशिक्षित वर्गात विनोद केले जातात. त्यांच्या दृष्टीने ती गैरसोय असते. चार तासांनी, फार तर दुसऱ्या दिवशी काम उरकते. पण जेथे दाखला, शिधा, अनुदान आणि मजुरी या सर्वांची वाट एकाच पडद्यातून जाते, तेथे हा प्रश्न गैरसोयीचा राहत नाही, हक्काचा होतो. आपल्या कार्यकर्त्यांनी त्याकडे याच दृष्टीने पाहावे, असे आमचे मत आहे.

पेण तालुक्यातील कासूचे उदाहरण घेऊ. पनवेल-रोहा लोहमार्गावरचे हे लहान स्थानक. एका अंगाला पेण, दुसऱ्या अंगाला नागोठणे. येथल्या भातशेती करणाऱ्या कुटुंबाला मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला हवा असेल आणि त्याकरिता तालुक्याचे ठिकाण गाठावे लागले, तर गाडीच्या वेळा सांभाळून आणि कामाचा खाडा करून पेणला जावे लागते. तेथे अर्ज भरण्याचे काम सुरू होते. छायाचित्र ठरावीक आकाराहून मोठे आहे म्हणून पान ते नाकारते; ते लहान करून आणावे तर अस्पष्ट आहे म्हणून नाकारते. मोबाईलवर येणारा सांकेतिक अंक येईपर्यंत त्याची वेळ टळलेली असते. चार पाने भरून झाल्यावर पाचव्या पानावर चाक फिरत राहते, आणि अखेर इंग्रजीत एक ओळ उमटते की आपले सत्र संपले आहे. मग पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ. नमुना मराठीत, सूचना मराठीत. पण अडचण आली की पडद्याची भाषा इंग्रजी होते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. नागरिकाला ज्या क्षणी त्याच्या भाषेची सर्वांत अधिक गरज असते, नेमक्या त्याच क्षणी हा कायदा निजलेला असतो.

नावांची गोष्ट आणखी निराळी. सातबाऱ्यावर नाव मराठीत, आधारपत्रावर इंग्रजीत, बँकेत तिसऱ्याच पद्धतीने. ‘म्हात्रे’ हे आडनाव इंग्रजीत लिहिताना एक अक्षर मागेपुढे झाले की यंत्राच्या लेखी ती दोन माणसे ठरतात. गावात ज्याला पिढ्यान् पिढ्या सारे ओळखतात त्याने आपण तेच आहोत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे, असा हा न्याय आहे. वीटभट्टीवर राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्या कातकरी बांधवांचे बोट यंत्र ओळखत नाही. ज्या श्रमांनी रेषा पुसल्या त्या श्रमांची शिक्षा म्हणून शिधा अडतो.

येथे एक जुना वाद आठवणे उपयुक्त ठरेल. बँकांच्या संगणकीकरणाविषयी १९८३ साली कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात करार झाला. यंत्र आले तर किती नोकऱ्या जातील, ही त्या काळची मुख्य चिंता होती आणि ती रास्तच होती. पण कारकुनाच्या हातून निघालेले काम जाईल कोठे, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. आज त्याचे उत्तर दिसते आहे. ते काम नागरिकाच्या अंगावर आले. पूर्वी तलाठ्याने शिवारात येऊन पीक नोंदवावे अशी व्यवस्था होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून, मोबाईलने छायाचित्र काढून नोंद करावी अशी रीत पडली. तलाठी शिवारात न येताच पाहणी लिहीत असे, ही तक्रार खोटी नव्हती. आपले पीक आपण नोंदवावे हे तत्त्वही चांगले आहे. परंतु भर पावसाळ्यात, ज्याच्याकडे धड मोबाईल नाही किंवा शेतात ज्याला संपर्क मिळत नाही, त्याने काय करावे? नोंद राहिली तर दोष त्याचा. शासनाचे काम बिनपगारी करावयाचे आणि ते फसले तर शिक्षाही आपणच भोगावयाची, असा हा व्यवहार आहे.

बिघाड सर्वांच्याच वाट्याला येतो, असे कोणी म्हणेल. येतो खरा, पण त्याची दखल सर्वांच्या बाबतीत सारखी घेतली जात नाही. प्राप्तिकर खात्याचे नवे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झाले. सुमारे ४,२०० कोटी रुपयांचे ते काम इन्फोसिसकडे होते. संकेतस्थळ अडखळू लागताच सनदी लेखापाल आणि व्यापारी यांनी आवाज उठविला; ऑगस्टमध्ये ते सलग दोन दिवस बंद पडले, तेव्हा अर्थमंत्रालयाने कंपनीच्या प्रमुखांना दिल्लीस बोलावून खुलासा मागितला. विवरणपत्रांची मुदत वाढविण्यात आली. हे योग्यच झाले. त्याच ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात अंगणवाडी सेविका शासनाने २०१९ साली दिलेले मोबाईल परत करीत होत्या. ते निकृष्ट होते, वारंवार बंद पडत होते, आणि पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये माहिती भरावयाची ती इंग्रजीतून. लेखापालांच्या संकेतस्थळासाठी कंपनीचा प्रमुख मंत्र्यांपुढे उभा राहतो. सेविकांना मात्र आपल्याच कामाचे साधन चालत नाही हे सांगण्यासाठी आंदोलन करावे लागते. एकच महिना, एकच प्रकारचा बिघाड, पण वजन वेगवेगळे.

ही संकेतस्थळे पुनःपुन्हा का अडतात, याचीही कारणे समजून घेतली पाहिजेत. कारण त्यांत गूढ असे काही नाही. पहिले कारण म्हणजे, पैसा मिळतो तो काम उभे करून दिल्याबद्दल. ते वर्षानुवर्षे चालते ठेवण्याकडे आणि वापरणाऱ्याची अडचण ऐकण्याकडे दुर्लक्ष होते. दुसरे कारण, पान तपासले जाते ते शहरातील कार्यालयात, नव्या संगणकावर आणि वेगवान जोडणीवर. गावच्या केंद्रातील जुन्या यंत्रावर ते कसे उघडते हे पाहण्यास कोणी जात नाही. तिसरे कारण मुदतीचे. लाखो लोकांना एकच अंतिम तारीख दिली की अखेरच्या दिवसांत सारे एकाच दारावर येतात आणि दार मोडते. लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली गेली आणि पुढे ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. मुदत वाढली हे बरे झाले; पण ती सरकारच्या मर्जीने वाढली, बहिणींच्या हक्काने नव्हे.

चौथे कारण ब्राउझरचे. कित्येक सरकारी पानांवर, हे पान इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच पाहावे, अशी सूचना वर्षानुवर्षे झळकत होती. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने त्या ब्राउझरचा आधार काढून घेतला. एका खासगी कंपनीच्या साधनाला सार्वजनिक सेवा बांधली की काय होते, याचा धडा दक्षिण कोरियाने घेतला आहे. १९९९ च्या डिजिटल स्वाक्षरी कायद्यानंतर तेथील बँका आणि सरकारी खाती याच ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जोडणीवर विसंबली. जग पुढे गेले तरी तेथील नागरिक अडकून राहिले, आणि त्या जुन्या प्रमाणपत्रांची मक्तेदारी कायद्याने संपुष्टात यावयास डिसेंबर २०२० उजाडला. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, खुल्या मानकांचे धोरण २०१० पासून आहे. नियमांची वाण नाही; नियम मोडणाऱ्याला जाब विचारणारा कोणी नाही.

याहूनही घातक आहे ती यंत्र चुकत नाही ही समजूत. ब्रिटनमध्ये टपाल कचेऱ्यांत १९९९ पासून होरायझन नावाची संगणकप्रणाली बसविली गेली. तिच्या हिशेबात तूट दिसू लागली आणि टपाल खात्याने ती तूट कचेरी चालविणाऱ्यांनी केलेली चोरी मानली. २०१५ पर्यंत या खात्याच्या खटल्यांत सातशेहून अधिक माणसे दोषी ठरली. काही तुरुंगात गेली, काहींचे संसार उद्ध्वस्त झाले. यंत्र बरोबर चालते असे गृहीत धरण्याची तेथील न्यायव्यवहाराची रीत होती. प्रणालीतच दोष होते हे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितले, आणि शिक्षा एकत्र रद्द करण्यासाठी २०२४ साली संसदेला कायदा करावा लागला.

रायगड जिल्ह्यातील माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. खोतीच्या काळात हिशेबाची वही खोताच्या घरी असे. कुळाने किती भात घातले, किती बाकी राहिली, हे त्या वहीत लिहिलेले तेच खरे. कुळाच्या हाती लेखी पुरावा नसे. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन पडीक ठेवून संप केला, तो अशा व्यवस्थेविरुद्ध. वही एकाच्या हाती आणि पोट दुसऱ्याचे, ही स्थिती बदलावी म्हणून तो लढा होता. आज वही संगणकात गेली आहे, एवढ्यानेच ती स्थिती बदलली असे मानता येणार नाही.

आमचा संगणकाला विरोध आहे, असा अर्थ कोणी काढू नये. स्वाक्षरीसह सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळू लागला, ही लहान गोष्ट नाही. त्यासाठी पूर्वी किती हेलपाटे आणि किती चिरीमिरी लागत असे हे आपण सारे जाणतो. त्या दिवसांकडे परत जाण्याची इच्छा कोणाचीच नाही. मागणी आहे ती जबाबदारीची, आणि तिला कायद्याचा आधारही आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला. ठरलेल्या मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करता येते, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. पण मुदत मोजली जाते ती अर्ज दाखल झाल्यापासून. पानाने अर्ज घेतलाच नाही तर कागदोपत्री अर्जच नाही, म्हणून विलंब नाही, म्हणून दोषीही कोणी नाही. कायद्याच्या तावडीतून निसटण्याची ही वाट बुजविली पाहिजे.

त्यासाठी मागणी एकच पण नेमकी असावी: बिघाडाची पोच. संकेतस्थळ चालत नसेल तर केंद्राने येणाऱ्या प्रत्येकाला दिनांक, वेळ, सेवेचे नाव आणि अडचणीचे स्वरूप लिहून, शिक्का मारून पोच द्यावी. त्या तारखेला अर्ज आला असे धरले जावे, आणि योजनेची अंतिम मुदत त्या माणसापुरती आपोआप पुढे सरकावी. त्याच खिडकीवर कागदी अर्ज स्वीकारणे बंधनकारक असावे. कोणते संकेतस्थळ किती तास बंद होते याचा तपशील दरमहा तहसील कचेरीच्या फलकावर लागावा. अडचणीचा संदेश मराठीत असावा आणि त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम असावे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी ई-केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे. तो निकाल अपंग आणि आम्लहल्ल्यात होरपळलेल्या व्यक्तींच्या अर्जावर झाला असला तरी त्याचे तत्त्व खेड्यातील नागरिकालाही लागू पडते.

शासन हे आपण होऊन करील, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. पोच मिळत नाही तोवर ती आपणच लिहावी. पेण, रोहा, नागोठणे येथील केंद्रांवर आपल्या कार्यकर्त्यांनी आळीपाळीने बसावे, एक साधी वही ठेवावी, आणि परत फिरणाऱ्या प्रत्येकाची नोंद घ्यावी: कोणत्या गावाहून आला, कोणत्या कामासाठी, किती वाजता, कोणते उत्तर मिळाले, कितवा हेलपाटा, किती मजुरी बुडाली. महिन्याच्या शेवटी त्याच काळातील बंद तासांची माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागवावी आणि दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून ग्रामसभेत वाचाव्यात, प्रांतांकडे द्याव्यात. एका केंद्रावरची तीन महिन्यांची अशी वही पुरी झाली, तरी ‘सर्व्हर डाउन आहे’ या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारण्याचे साधन आपल्या हाती येईल.