पाहण्याच्या तऱ्हा

समानार्थी शब्दांच्या याद्यांवर माझा राग जुना आहे. गाईडमध्ये 'लुक' या क्रियापदापुढे बरोबरचं चिन्ह काढतात आणि सी, वॉच, गेझ, स्टेअर, ग्लेअर, पीप असे सगळे एका ओळीत उभे करतात. मुलं बिचारी विश्वास ठेवतात. आईवरच्या निबंधात एकाने लिहिलं होतं, 'माय मदर ग्लेअर्स ॲट मी विथ लव्ह.' म्हणजे आई प्रेमाने डोळे वटारते! (आमच्या वेळच्या आया तसंही करायच्या म्हणा.) पोराने यादीतला शब्द इमानाने वापरला आणि गुण गेले ते त्याचे. गाईडवाल्याचं काय गेलं?

हे मराठीतून सांगायला पाच मिनिटं पुरतात. ग्लेअर म्हणजे डोळे वटारणं. ग्लान्स म्हणजे ओझरती नजर टाकणं, पीप म्हणजे चोरून डोकावणं. स्टेअर म्हणजे टक लावून बघणं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं. गेझमध्येही नजर हलत नाही, पण तिथे मन रमलेलं असतं. सातवीतल्या मुलाला हे लगेच कळतं, कारण हे सगळे फरक त्याच्या घरच्या बोलण्यात आधीपासून आहेत. तरीही 'इंग्रजीच्या तासाला मराठी चालणार नाही' म्हणणारे आहेतच. मला ते कधी पटलं नाही.

खरी गोम आहे 'सी'मध्ये. शब्दार्थात 'सी म्हणजे पाहणे' असं छापून मोकळे होतात. पण 'आय सी अ ट्री' म्हणजे 'मला झाड दिसतं'. इंग्रजीत कर्ता मी, मराठीत झाड! सी आपोआप होतं, लुक मुद्दाम करावं लागतं. आणि जे घडतंय, हलतंय त्यावर काही वेळ नजर ठेवायची ते वॉच, म्हणून मॅच वॉच करायची. 'आय लुक्ड, बट आय सॉ नथिंग.' मी पाहिलं, पण काहीच दिसलं नाही. एवढं एक वाक्य फळ्यावर लिहावं.

पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने आपला थिसॉरस १८५२ साली छापला, वयाच्या ७३व्या वर्षी. (आम्हा म्हाताऱ्यांना तेवढाच धीर!) त्याने शब्द अर्थाच्या गटांनी मांडले, पण ते मनात अर्थ तयार असून शब्द आठवत नाही अशा माणसासाठी. त्याच्याजवळ निवडायची जाण असते. शिकाऊ मुलाजवळ ती कुठून येणार?

उलट्या दिशेने गेलं की मात्र आपली परीक्षा. इंग्रजी माध्यमातल्या नातीने परवा विचारलं, 'आबा, न्याहाळणे म्हणजे काय?' गेझ म्हणावं तर न्याहाळताना नजर एका जागी नसते, केसांपासून पायांपर्यंत सावकाश फिरते. एक्झॅमिन म्हणावं तर डॉक्टर आठवतो. शेवटी करूनच दाखवलं. ती म्हणाली, 'अच्छा, मी सुट्टीत आले की आजी दारातच करते ते!'