विश्लेषण : रायगडच्या किनाऱ्यावर गावठी कोंबडीला मागणी, पण खुराडे कसे, जात कोणती?

अलिबाग, नागाव, काशीद, दिवेआगरला येणाऱ्या पर्यटकांकडून गावठी कोंबडीची हमखास मागणी असते. थंडीत पोपटी लागू लागल्या की ती आणखी वाढते. त्यामुळे घरामागे दहा-वीस कोंबड्या पाळणे हा किनाऱ्यावरच्या कुटुंबांना सोपा जोडधंदा वाटतो. मात्र पाऊस, खारा वारा, मुंगूस आणि बर्ड फ्लू यांचा विचार न करता केवळ ‘जास्त अंडी देणारी जात’ आणली, तर पहिल्याच पावसाळ्यात पैसे बुडू शकतात.

परसातील कुक्कुटपालन किती वाढले?

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटींहून अधिक कुक्कुटपक्षी आहेत. त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी परसातील आहेत. २०१२ च्या तुलनेत परसातील पक्ष्यांची संख्या ४५.८ टक्क्यांनी वाढली, तर व्यावसायिक पोल्ट्रीतील वाढ ४.५ टक्केच होती. जागा कमी लागते, घरातील उरलेसुरले अन्न वापरता येते आणि अंड्यांचा पैसा बहुधा घरातील बाईच्या हाती येतो, ही या व्यवसायाची बलस्थाने. राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास कार्यक्रमात एक दिवसाची १०० पिल्ले किंवा २५ तलंगा आणि ३ नर असा गट ५० टक्के अनुदानावर देण्याची तरतूद आहे.

किनाऱ्यावर वेगळी अडचण कोणती?

अलिबागला वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात कोंबड्या फारशा बाहेर चरू शकत नाहीत. खुराड्यातील तूस ओले झाले की अमोनियाचा वास कोंडतो आणि पिल्लांमध्ये रक्ती हगवण पसरते. देशावर चालणारे उघड्या जाळीचे शेड येथे जसेच्या तसे उपयोगी पडत नाही. खाऱ्या हवेत साधी लोखंडी जाळी लवकर गंजते आणि गंजलेल्या जाळीतून मुंगूस सहज आत शिरते. ३ जून २०२० रोजी किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने घरांची छपरे उडवली आणि श्रीवर्धन, मुरूड भागातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. कोंबड्यांना सावली देणारी झाडेही त्यात गेली.

मग खुराडे कसे असावे?

जमीन पाण्याखाली जाणार नाही अशी उंच जागा निवडणे, ही पहिली अट. खुराड्याचा तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट वर असावा. दिवसा बाहेर फिरणाऱ्या पक्ष्याला रात्रीसाठी एक ते दीड चौरस फूट जागा पुरते. पण पावसाळ्यात पक्षी दिवसभर आत राहणार असतील तर दोन चौरस फूट धरावी. म्हणजे वीस कोंबड्यांसाठी साधारण चाळीस चौरस फूट. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन थेट आत येत नाही. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूला छपराची वळचण लांब ठेवावी आणि पावसाळ्यापुरती झावळ्यांची झापे लावावीत. वरच्या बाजूने मात्र हवा खेळती राहिली पाहिजे. छप्पर पत्र्याचे असल्यास ते वाश्यांना घट्ट आवळलेले हवे. जाळी अर्ध्या इंचाची आणि प्लास्टिकचा लेप असलेली घेतल्यास जास्त टिकते. बसायला प्रत्येक पक्ष्यामागे सहा ते आठ इंच लांबीची दांडी आणि चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्यासाठी एक खोके पुरेसे असते. तळाशी अंथरायला भाताचे तूस गावातच मिळते. ते रोज हलवावे आणि ओले झालेले लगेच काढावे.

जात कोणती निवडावी?

गावठी कोंबडी वर्षाला ५० ते ६० अंडी देते. हैदराबादच्या पोल्ट्री संशोधन संचालनालयाने विकसित केलेली ‘वनराज’ परसात १०० ते ११०, तर ‘ग्रामप्रिया’ १६० ते १८० अंडी देते. वनराज अंडी आणि मांस या दोन्हींसाठी, ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी. बंगळूरुच्या कृषी विद्यापीठाचा ‘गिरिराज’ही दुहेरी उपयोगाचा आहे. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याला भाव मिळतो. पण स्थानिक गिऱ्हाईक आधी पाहिल्याशिवाय त्यात पैसे घालणे जोखमीचे.

अंड्यांच्या आकड्यांत एक गोष्ट दिसत नाही. गावठी कोंबडी खुडूक बसते आणि स्वतः पिल्ले काढते, सुधारित कोंबडी सहसा बसत नाही. तिची अंडी गावठीखाली उबवली तरी पुढच्या पिढीत तेच गुण टिकत नाहीत. म्हणजे दर खेपेला पिल्ले विकत आणावी लागतात. शिवाय घार-मुंगूस दिसताच झाडावर उडणारी चपळ गावठी आणि वजनदार वनराज यांत फरक आहे. त्यामुळे अंड्यांसाठी काही ग्रामप्रिया आणि पिल्ले काढण्यासाठी दोन-तीन गावठी, असा मिश्र कळप किनाऱ्यावर अधिक व्यवहार्य ठरतो.

खाद्याचे गणित काय?

मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम खाते. पावसाळ्याच्या १२० दिवसांत दहा कोंबड्यांना सुमारे १२० किलो खाद्य लागेल. तांदळाची कणी, कोंडा आणि शिंपल्यांचा चुरा यांमुळे खर्च कमी होतो. सुकी मासळी प्रथिने देते; पण खारवलेली मासळी पक्ष्यांना घातक असते आणि मासळीचे प्रमाण वाढले की अंड्याला वास येतो. सुधारित जातींना हे पूरक खाद्य मिळाले नाही तर अंड्यांचे आकडे कागदावरच राहतात.

पिल्ले कधी आणावीत?

जून-जुलै टाळावा. सप्टेंबरअखेर आणलेल्या पिल्लांना आधी ऊब आणि लसीकरण हवे. मानमोडीसाठी पहिल्या आठवड्यात लासोटा आणि साधारण आठ-दहा आठवड्यांनी आरटूबी लस दिली जाते. या पिल्लांतील नर डिसेंबर-जानेवारीत, ऐन पोपटीच्या हंगामात विक्रीयोग्य होतात. माद्या अंड्यावर यायला पाच-सहा महिने लागतात.

बर्ड फ्लूचा धोका परसाला आहे का?

आहे. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातील चिरनेर येथे बर्ड फ्लू आढळला. अशा वेळी केंद्राच्या कृती आराखड्यानुसार एक किलोमीटर परिघातील कोंबड्या नष्ट केल्या जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवली जाते. त्यातून परसातल्या पाच कोंबड्याही सुटत नाहीत. हिवाळ्यात उरणच्या पाणथळ जागांवर स्थलांतरित पक्षी येतात, म्हणजे विक्रीचा हंगाम आणि रोगाचा धोका एकाच वेळी येतो. म्हणून खाद्य-पाणी छपराखाली ठेवणे, बदके आणि कोंबड्या वेगळ्या ठेवणे, बाजारातून आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे कळपात न सोडणे आणि अचानक मर झाल्यास मेलेले पक्षी न फेकता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे आवश्यक आहे. नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी सरकारी भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांसाठी मिळत नाही. त्यामुळे मर लपवण्यात कुटुंबाचेच नुकसान आहे.

अनुदानात पिल्ले मिळतात, पण ती जगतात खुराड्याच्या आणि लसीच्या भरवशावर. म्हणून किनाऱ्यावर पहिला खर्च खुराड्यावर आणि जातीची निवड त्यानंतर, हा क्रम ठेवणे फायद्याचे.