आवाज कुठे अडतो?

श्रवणदोषाचा प्रकार ठरतो तो आवाजाची वाट नेमकी कुठे अडली यावरून. बाहेरचा कान, पडदा आणि पडद्यामागची तीन इवली हाडे आवाजाची कंपने आत पोचवतात. आतल्या कानातल्या शंखात त्या कंपनांचे विद्युतसंदेश होतात आणि श्रवणाची नस ते मेंदूकडे नेते. पोचवण्याच्या टप्प्यात अडथळा आला तर तो वहनदोष, शंखात किंवा नसेत बिघाड झाला तर संवेदी-चेतादोष आणि दोन्हीकडे असला तर मिश्र दोष.

वहनदोषात आवाज हळू येतो, पण विस्कटत नाही. मळाचा खडा, फाटलेला पडदा, सर्दीनंतर मुलांच्या पडद्यामागे साचणारा चिकट द्रव, रिकिबीचे हाड जखडून टाकणारा ओटोस्क्लेरोसिस ही त्याची नेहमीची कारणे. सगळ्यांत दुर्लक्षित कारण म्हणजे वाहणारा कान. घरचे कोमट तेल सोडतात, कापूस कोंबतात आणि मूल वर्गात लक्ष देत नाही म्हणून बोलणी खाते. कानाच्या स्रावाला दुर्गंधी असेल तर आत हाड पोखरणारा कोलेस्टिअटोमा असू शकतो आणि तो वाढत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. वहनदोष बहुतेकदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने बरा होतो किंवा पुष्कळ कमी होतो. म्हणूनच त्यात वर्षे वाया जाणे फार वाईट.

संवेदी-चेतादोष मात्र सहसा असा बरा होत नाही. लोक सरसकट ‘नस कमजोर झाली’ म्हणतात, पण बहुतेकदा बिघडलेल्या असतात शंखातल्या केसपेशी. एका कानात त्या जन्मतः सुमारे १५,००० असतात आणि माणसात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. वय, आनुवंशिकता, मेंदूज्वर, गरोदरपणी आईला झालेला रुबेला, नवजात बाळाची तीव्र कावीळ, क्षयरोगावरची स्ट्रेप्टोमायसिन आणि अमिकासिन ही इंजेक्शने, कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन, असे अनेक घाव शंखावर किंवा नसेवर पडतात. वय आणि गोंगाट आधी उंच पट्टीची ऐकण्याची क्षमता नेतात. स्वर ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’सारखी व्यंजने निसटतात. म्हणून आजोबा ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ म्हणतात ते शब्दशः खरे असते. त्यांच्या कानाशी ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात, शब्द उलगडत नाही.

यातला गोंगाटाचा वाटा पूर्णपणे टाळण्याजोगा आहे. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही कामाच्या जागेची मानलेली मर्यादा. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला तो जेमतेम १५ मिनिटे उरतो. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीपुढे लहान मुलाला खांद्यावर घेऊन तासन्‌तास उभे राहणाऱ्या बापाला हा हिशेब कोणी तरी सांगायला हवा.

तीन दिवसांच्या आत अचानक एका कानाचे ऐकणे गेले तर ती तातडीची बाब असते. सर्दीने दडा बसला असेल म्हणून लोक थांबतात, पण स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो.

आणखी एक प्रकार फसवा आहे. श्रवणचेताविकारात बाहेरच्या केसपेशी धडधाकट असतात, पण संदेशांचा ताळमेळ बिघडलेला असतो. बाळ या केसपेशींचा प्रतिसाद मोजणाऱ्या ओएई तपासणीत पास होते आणि दोष लपून राहतो. अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळाची, नसेतून मेंदूकडे जाणारे संदेश मोजणारी बेरा चाचणी त्यासाठीच आवश्यक असते. तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, कारण भाषा शिकण्याची मेंदूची तयारी थांबून राहत नाही.

मोठ्यांत कानामागच्या हाडावर टेकवलेला नादकाटाही वहनदोष आणि संवेदी दोष यांतला फरक दाखवतो. पक्का नकाशा मात्र ऑडिओग्राममध्ये मिळतो. हवेतून आणि हाडातून ऐकण्याच्या दोन रेषांमधले अंतर म्हणजे वहनदोष. दोन्ही एकत्र खाली उतरल्या तर दोष आतला. ही तपासणी न करता दुकानातून उचललेले श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण कुठल्या पट्टीत किती वाढवायचा हे त्याला ठाऊक नसते. यंत्राचाही उपयोग होत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांट थेट नसेला उद्दीपन देते, मात्र त्यानंतर दीर्घ वाचोपचार लागतात. मुंबईत वांद्र्याला १९८३पासून असलेली अली यावर जंग संस्था या क्षेत्रात काम करते.

तीव्रतेचे मोजमाप वेगळे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल ऱ्हास म्हणजे कर्णबधिर आणि ६० ते ७० म्हणजे ऐकण्यात कमी. ५० डेसिबल ऱ्हास असलेले किंवा एकच कान पूर्ण गेलेले मूल या व्याख्येत बसत नाही, पण मागच्या बाकावर त्याला शिक्षकांचे अर्धे बोलणे ऐकू येत नाही. त्याला पुढचा बाक द्यायला प्रमाणपत्राची गरज नाही.