निवडलेली भाजी सकाळपर्यंत ताजी

अंधेरी-बोरिवली काय किंवा घाटकोपर-मुलुंड काय, कामावरून परतणाऱ्या आमच्या भगिनी लोकलच्या महिला डब्यातच मेथी निवडतात. वेळ वाचतो खरा. पण पहाटे डब्यासाठी पिशवी उघडावी तर पाला काळा, चिकट. जुडीचे पैसे पाण्यात!

आमच्या मते दोष निवडण्याचा नाही; सुरीचा आणि पाण्याचा आहे. गाडीत देठ खुशाल खुडा, पण पाने चिरू नका. चिरलेल्या पानातून रस सुटतो आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते. धुवायची तर अख्खी पाने पातेल्यात बुडवून दोन-तीन पाण्यांनी धुवावीत, मग सुती कापडावर पसरून पूर्ण कोरडी करावीत. तेवढी सवड नसेल तर न धुताच ठेवावी, सकाळी धुवावी. रुळांलगत सांडपाण्यावर वाढलेला पालक-माठ मात्र कितीही धुतला तरी कच्चा खाऊ नये.

कोरडी पाने स्वच्छ फडक्यात सैल गुंडाळून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतात. वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, अगदी आमच्याही नाही! छपाईची शाई अन्नाला लागते. सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच तसे बजावले आहे.

फ्रिज नसेल तर कोथिंबिरीची जुडी मुळांसकट पेलाभर पाण्यात उभी करावी, वर ओले फडके टाकावे. मलूल मेथी थंड पाण्यात अर्धा तास ठेवली की पुन्हा टवटवीत होते. चिरलेल्या कोबी-काकडीची कोशिंबीर मात्र फ्रिजबाहेर दोन तासांवर ठेवू नये. रात्री उरलेली मुलांच्या डब्यात तर नकोच.