मागच्या आसनाचा मान

बेलपाड्याहून एका निवृत्त वाचकांनी विचारले आहे : घरात एक क्रूझर मोटारसायकल आहे, एकट्याच्या फेरफटक्याला ती उत्तम, परंतु आता पत्नीसह कर्नाळ्यापर्यंत, जमल्यास अलिबागपर्यंत जाण्याचा मानस आहे, तर दुसरी गाडी कोणती घ्यावी? दोघांचेही वय साठीपलीकडचे. आरोग्याच्या पाक्षिकात हा प्रश्न काहींना अस्थानी वाटेल. मला तसे वाटत नाही. उतारवयात खुब्याचे हाड मोडायला वेग लागत नाही. उभी गाडी कलंडली तरी पुरते.

म्हणून इंजिनाआधी वजन पाहावे. बजाजची ॲव्हेंजर २२० सुमारे १६३ किलोंची, रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० ही १९१ किलोंची, तर सुपर मीटिऑर ६५० तब्बल २४१ किलोंची. चालकाचे आसन ठेंगणे असल्याने दोन्ही पाय जमिनीला टेकतात, हे क्रूझरचे खरे सुख. मात्र टेकलेल्या पायांनी भार तोलायचा तर गुडघ्यांत बळ हवे. मागे बसणारी व्यक्ती डावीकडून चढते तेव्हा गाडी त्या बाजूला ओढली जाते. दुकानातच, इंजिन बंद ठेवून, पत्नीला चढण्या-उतरण्यास सांगावे आणि तोल सावरताना आपली किती धावपळ होते ते पाहावे.

आपल्याकडे गाडी घ्यायला सौभाग्यवतींना नेतात ते बहुधा पूजेच्या दिवशी! येथे तर निर्णायक मत त्यांचेच. मागचे आसन पुढच्यापेक्षा उंच असते, त्यावरून पाय टाकताना खुबा पुरता वाकवावा लागतो. सांधा बदललेला असेल तर शल्यचिकित्सकांना विचारल्यावाचून बसूच नये. पाठीला टेका अवश्य असावा. दुसरी बाब सहसा कोणी सांगत नाही. पावठाणे जितकी पुढे, तितका शरीराचा भार माकडहाडावर येतो. खड्डा आला की पायांवर जोर देऊन किंचित उठता येत नाही आणि हादरा थेट मणक्यांत जातो. हाडे ठिसूळ झालेल्यांना एवढ्यानेही मणक्याचा अस्थिभंग होऊ शकतो. तेव्हा पावठाणे शक्यतो शरीराखाली येणारी गाडी निवडावी आणि मागचे शॉकॲब्सॉर्बर दोघांच्या वजनानुसार लावून घ्यावेत. हात धरायची कडी आणि निम्मे चाक झाकणारी जाळी नियमानेच आवश्यक आहे, शोभेसाठी ती काढू नये. एका अंगाला पाय सोडून लांबचा प्रवास मात्र नको.

हेल्मेट दोघांनाही हवे, आयएसआय चिन्हाचे. चाळिशीनंतर परवान्याच्या नूतनीकरणाला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ती केवळ औपचारिकता न मानता दृष्टी, श्रवण आणि तळपायांची संवेदना तपासून घ्यावी. मधुमेहात ही संवेदना मंदावते, ब्रेकवर पाय किती पडला हेच कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिच्या नावाची चिठ्ठी खिशात असावी. द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर दुचाकीला मज्जाव आहे, हेही बेत आखताना लक्षात असू द्यावे.

पैसे भरण्याआधी तशीच गाडी एक दिवस भाड्याने घ्यावी. पनवेलपासून कर्नाळा सुमारे १२ किलोमीटर. पहाटेच्या थंड वेळी हळूहळू जाऊन यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नीची कंबर काय म्हणते ते ऐकावे, आणि मगच रंग ठरवावा.